निर्लज्ज पाला

“सर, मेलं का बघा हो जरा.”

मेंदीच्या कुंपणापलीकडून कोठावदे तात्यांचा आवाज आला तेव्हा मी दात घासत होतो. तात्यांचा आवाज म्हणजे साधा आवाज नव्हे. धुळ्याच्या एसटी स्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली होती, आणि साक्री-शिरपूरकडचे निम्मे प्रवासी त्या आवाजाच्या धाकानं आयुष्यभर वेळेवर गाडीत बसले होते. निवृत्तीनंतर लाउडस्पीकर गेला, आवाज राहिला. तात्या कुजबुजले तरी चार बंगले पलीकडे फलाट बदलल्यासारखं वाटायचं.

तोंडातला फेस सांभाळत मी कुंपणापाशी गेलो. माकडटोपी, तिच्यावर मफलर, त्याच्यावर शाल अशा थाटात तात्या एका वाफ्याशी उकिडवे बसले होते. वाफ्यात नखाएवढी हिरवी पानं दवानं ओली होऊन उभी होती.

“कोण मेलं?”

“हे हो. पुण्याचं.”

“नाही तात्या. चांगलं तरारलंय.”

“नीट बघा. कडेचं ते पिवळं पडलंय.”

“ते पेरूचं पान आहे. वरून गळलंय.”

तात्यांनी ते पान उचललं, उलटंसुलटं केलं आणि टाकून दिलं. “हं,” म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी समाधान समजलो. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. माणसं हा विषय माझ्याकडे नव्हता.

भानगड सुरू झाली होती दिवाळीत. तात्यांच्या पत्नी, सिंधूकाकू, त्याच्या आदल्या वर्षी गेल्या. तेराव्याच्या जेवणाला त्यांचा एकुलता एक मुलगा शिरीष सगळ्यांसमोर म्हणाला, “तात्या, आता पुण्याला चला आमच्याकडे.” त्यावर तात्यांनी भरल्या पंगतीत, आपल्या त्या आवाजात, जाहीर केलं, “या घरातून मी निघणार तो चौघांच्या खांद्यावरून!” पंगत थांबली. बाहेर रस्त्यावर एक सायकलवालाही थांबला.

तेव्हापासून शिरीष दर सणाला यायचा, विचारायचा आणि एकटाच परत जायचा. तात्यांनी एकदा केलेली घोषणा मागे घेतल्याचं उदाहरण नव्हतं. गाडी एक वेळ पुढेमागे झाली असेल, घोषणा नाही.

त्या दिवाळीत शिरीष आणि त्याची बायको वृषाली आली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मला आणि माझ्या बायकोला, कुमुदला, फराळाला बोलावणं होतं. वृषालीनं पिशवीतून बियांची रंगीत पाकिटं काढून तात्यांपुढे ठेवली.

“तात्या, हे तुमच्यासाठी. बागेत लावा. सॅलडची पानं आहेत. लेट्यूस, केल, अरुगुला. कच्ची खायची.”

“कच्चं खायला आमच्याकडे मेथी आहे, मुळा आहे, करडई आहे, पातीचा कांदा आहे,” तात्या म्हणाले. “ह्यात नवीन काय? म्हशीचा घास?”

“ही थंडीतच येतात. कडाक्याची थंडी सोसतात म्हणे. उलट थंडी लागली की गोड होतात.”

“माणसं का होत नाहीत मग?”

“तात्या, विषय बदलू नका,” शिरीष म्हणाला. “एकटे काय करता तुम्ही इथं दिवसभर?”

“बातम्या ऐकतो.”

“आणि?”

“त्याच पुन्हा ऐकतो.”

“त्यापेक्षा आमच्याकडे...”

“तुमच्याकडे येऊन काय करू? लिफ्टमधून वरखाली करू? किती वेळ लागतो रे त्या लिफ्टला वर जायला?”

“अर्धं मिनिट.”

“आणि गॅलरी कुठल्या अंगाला म्हणालास?”

“पूर्वेला.”

“म्हणजे सकाळी ऊन थेट खुर्चीवर. छे छे. खाली कट्टा आहे का बसायला?”

“आहे. आठ-दहा जण बसतात रोज तुमच्या वयाचे.”

“बघा! आठ-दहा म्हातारे. गोंगाट नुसता.”

विरोध करायचा तर पूर्ण माहिती घेऊन करायचा, असा तात्यांचा स्वभावच होता. निदान आम्ही तसं धरून चाललो.

मग त्यांनी लेट्यूसचं पाकीट उचललं. त्यावर झालरीसारखी फिकट, लाडावलेली पानं छापली होती.

“ही पुण्यात कशी मिळतात गं?”

“प्लॅस्टिकच्या डब्यात. फ्रिजमध्ये ठेवलेली.”

“आणि बाहेर काढून ठेवली तर?”

“दुपारपर्यंत मान टाकतात.”

तात्यांचे डोळे एकदम चमकले. ते खुर्चीतून उठले, घसा साफ केला, आणि आम्ही सगळे नकळत सावरून बसलो.

“ठरलं! सर, तुम्ही साक्षीदार. ही पुणेरी पानं मी उघड्या जमिनीत लावतो. संक्रांतीपर्यंत वाफा उभा राहिला तर मीही इथंच उभा. मग पुन्हा हा विषय कोणी, कधीही काढायचा नाही. आणि वाफा आडवा झाला तर मी मुकाट्यानं तुझ्या गाडीत बसतो. बोल!”

शिरीषनं वृषालीकडे पाहिलं. त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये लेट्यूसचं काय होतं, हे दोघांनी पाहिलेलं असणार.

“मान्य,” तो म्हणाला.

“पंच म्हणून सर राहतील. सरांनी पेपर तपासताना सख्ख्या मेव्हण्याला नापास केलाय.”

हे खरं होतं. कुमुदनं चिवड्याच्या बशीकडे पाहून घेतलं.

आता पंच निःपक्षपाती असावा हे मला मान्य होतं. पण पंचाला शेजारही असतो. रोज संध्याकाळी तात्या कुंपणापाशी यायचे, आम्ही दोन्हीकडून कोपर टेकवून जगाचा समाचार घ्यायचो, आणि एकच वर्तमानपत्र दोन घरांत वाचायचो. तात्या गेले तर त्या घरात कोण येणार? क्लासवाला येणार, नाहीतर कुत्रेवाला. तात्यांनी राहावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्यांना राहायचंय हे तर त्यांनी भर पंगतीत सांगितलेलंच होतं. त्या पानांना जगवणं हे मी शेजारधर्म समजून अंगावर घेतलं.

गंमत अशी, की तात्यांना बागकामातलं ओ की ठो कळत नसावं, असं त्या हिवाळ्यात माझ्या प्रथमच लक्षात आलं. एरवी त्यांच्या दारचा गुलाब कॉलनीत एक नंबर. पण या वाफ्याला ते पाणीच घालेनात.

“थंडीत पाणी कशाला? सर्दी होईल त्यांना,” म्हणाले.

मग मी माझा पाइप कुंपणावरून टाकून पाणी द्यायला लागलो. शाळेतून येताना गांडूळखताची पिशवी आणली, तीही कुंपणावरूनच फेकली. तात्या खिडकीत उभे राहून बघत होते. मी हात केला. त्यांनी पडदा ओढून घेतला. मला वाटलं, भरून आलं असेल.

पुढे त्यांचं फाटक उघडं राहायला लागलं. आमच्या रस्त्यानं सकाळी शेळ्यांचा कळप जायचा. एका सकाळी पाहतो तर एक तपकिरी शेळी आत शिरून वाफ्याच्या दिशेनं निघालेली. मी बनियनवर धावलो. कुंपण ओलांडताना मेंदीनं माझी पोटरी सोलून काढली, पण शेळीला मी वाटेतच गाठलं. तात्या व्हरांड्यात चहा पीत बसले होते.

“तात्या! शेळी!”

“अरे हो. दिसली मला.”

“मग हाकलायची ना!”

“मुकं जनावर हो, सर. भूक लागली असेल.”

त्यांच्या भूतदयेपुढे मी काय बोलणार? बाभळीच्या काट्या आणून वाफ्याभोवती पक्कं कुंपण केलं. तात्यांनी ते सगळीकडून फिरून पाहिलं, एका ठिकाणी हलवून बघितलं.

“फारच घट्ट केलंत,” म्हणाले.

“तुमच्यासाठी काहीही, तात्या.”

“हो. दिसतंय.”

पानं वाढली. लेट्यूस झालरी सोडून बसलं. केल तर असं काळपट हिरवं आणि दांडगं झालं, की कॉलनीतली माणसं फिरायला जाता-येता थांबून बघायला लागली. अरुगुलाचं पान चाखून समोरच्या बेबीताई पाटील म्हणाल्या, “भो, हा तर आपला मुळ्याचा पाला. पुण्याला जाऊन नाव बदलून आलाय.”

शिरीष रोज फोन करायचा. तात्यांच्या आवाजामुळे एका बाजूचं संभाषण मला घरबसल्या ऐकू यायचं. “नाही, अजून नाही... आहे, हिरवंच आहे... अरे, मी काय करू? सर आहेत ना!”

नाताळनंतर थंडी चावायला लागली. उत्तरेकडून वारं सुटलं की धुळ्याचा पारा असा घसरतो, की अंघोळ हा विषय घराघरांत चर्चेला घेतात. मी संध्याकाळी वाफ्यावर गोणपाट अंथरून यायला लागलो. सकाळी पाहावं तर वाफा उघडा, आणि पोती तात्यांच्या व्हरांड्यात.

“वाऱ्यानं उडाली,” तात्या म्हणाले.

“व्हरांड्यात उडाली?”

“वारं फार होतं.”

पोत्यांच्या व्यवस्थित चारपदरी घड्या घातलेल्या होत्या. तात्या टापटिपीचे, वाऱ्यानं आणून टाकलेलं सामानही ते तसंच ठेवणार नाहीत, असं मी स्वतःला समजावलं आणि संध्याकाळी पोती पुन्हा अंथरली.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी ती सकाळ उजाडली. दवाचं बर्फ झालं होतं. गवतावर कोणी मीठ फेकल्यासारखं पांढरं दिसत होतं. मी कुंपणापाशी धावलो. पोती नेहमीप्रमाणे घडी घालून व्हरांड्यात होती आणि वाफा आडवा पडला होता. लेट्यूस भिजल्या कागदासारखं जमिनीला चिकटलेलं, केलच्या माना खाली, पानं काचेसारखी आरपार झालेली.

तात्या बाहेर आले. गुळगुळीत दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. इतक्या सकाळी मी त्यांना इतकं नीटनेटकं काकू गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

“गेलं,” ते म्हणाले. “शेवटी गेलं हो, सर.”

“तात्या, मी दिलगीर आहे.”

“तुम्ही कशाला दिलगीर? तुम्ही करता येईल ते सगळं केलंत. जरा जास्तच केलंत. पण निसर्गापुढे कोणाचं चालतं?”

असं म्हणून ते लगबगीनं आत गेले. मग फोनवरचा आवाज आला. “शिरीष? नीघ. हो, आडवा. पूर्ण आडवा! सरांनी स्वतः पाहिलाय. नीघ आत्ताच.”

माझी शाळा सकाळची होती. जड मनानं गेलो. मुलांना पाण्याचं गोठणं शिकवलं. शाळा सुटल्यावर येऊन पाहतो तर तात्या व्हरांड्याच्या पायरीवर बसलेले. इस्त्रीचा शर्ट चुरगळलेला, हात गुडघ्यांवर. ते समोर एकटक बघत होते. मीही बघितलं.

ऊन वर आलं होतं आणि वाफा उभा होता. केल ताठ. लेट्यूसनं झालर झटकून पुन्हा पसरलेली. सकाळी आपलं काही झालं होतं, याची त्या पानांना गंधवार्ताही दिसत नव्हती.

“तात्या! उठली की!”

तात्यांनी चुरगळलेला शर्ट झटकला.

“निर्लज्ज,” मग म्हणाले. “निर्लज्ज पाला आहे हा, सर. एकदा पडल्यावर माणसानं... पानानं पडून राहावं की नाही?”

“त्याचं काय आहे तात्या, थंडीत पेशींतलं पाणी बाहेर येतं, उन्हानं ते परत आत...”

“तुम्ही गप्प बसा हो!”

शिरीष आला तेव्हा ऊन उतरलं होतं. रिकामी डिकी घेऊन तो पुण्याहून एकट्यानं गाडी हाणत आला होता. फाटकातून आत शिरला आणि वाफ्यापाशी थबकला. खाली बसला. काट्यांतून हात घालून एक पान चाचपलं.

“तात्या, तुम्ही म्हणालात आडवा झाला.”

“झालाच होता.”

“मग हे?”

“ह्यांना विचार.” तात्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी पेशींचं सांगितलं. शिरीषनं ते ज्या नजरेनं ऐकलं, त्या नजरेनं शाळेतल्या शेवटच्या बाकावरच्या पोरांनीही माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

“जाऊ दे,” तो उठत म्हणाला. “संक्रांत आलीच आता. हरलो मी. पुन्हा विषय काढणार नाही, तात्या. शब्द म्हणजे शब्द.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, तुम्ही शेजारी आहात म्हणून तरी काळजी नाही.”

तात्यांनी चपलेच्या टोकानं काट्यांचं कुंपण एकदा ढोसलं.

“जेव आधी,” ते शेवटी म्हणाले. “आणि उद्या थांब. भरीत पार्टी आहे कॉलनीची. ती खाऊन जा.”

आमच्याकडे हिवाळ्यात एका रविवारी सगळ्या कॉलनीची भरीत पार्टी असते. मोकळ्या प्लॉटवर कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यात मोठाली हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. सोबत मेथीचा घोळाणा हवाच. कच्ची मेथी, कांदा, शेंगदाण्याचं कूट, तिखटमीठ आणि वरून कच्चं तेल. त्या दिवसापुरता एक रिवाज होता. घोळाण्याचा पाला ज्याच्या दारी असेल त्याच्या दारातून न विचारता तोडायचा. कुरकुर केली की वर्षभर त्याचं नाव कंजूष. तात्यांच्या वाफ्याला मात्र कोणी हात लावायचा नाही, असं मी पंच या नात्यानं आठवडाभर आधीच घरोघरी सांगून ठेवलं होतं.

त्या वर्षी पार्टी तात्यांच्या बाजूच्या प्लॉटवर होती. धूर झाला, वांगी फुटली. तात्या बडगी पुढे घेऊन मुसळानं भरीत ठेचायला बसले. दरवर्षी तो मान त्यांचा असे. पण त्या दिवशी ते अशा निर्जीव हातानं ठेचत होते, की बेबीताईंनी दोनदा सांगितलं, “तात्या, वांगं भाजलेलं आहे. त्याला आणखी दुःख नका देऊ.” शिरीष एका दगडावर बसून मोबाइलशी चाळा करत होता.

“मेथी पुरत नाही हो,” बेबीताईंनी परातीत बघत जाहीर केलं. “एवढीशी मेथी आणि माणसं चाळीस. आणि सर, कूट संपलं. तात्यांच्या स्वयंपाकघरातून आणा बरं, फडताळात डबा असेल.”

मी गेलो. कुंपणापाशी आमची इतकी वर्षं गेली, पण तात्यांच्या आतल्या घरात मी काकू गेल्यापासून गेलो नव्हतो. स्वयंपाकघराची वाट माजघरातून होती.

माजघरातल्या कॉटवर काळी रेक्झिनची बॅग होती. चेन अर्धी उघडी. आत स्वेटर, दाढीचं सामान, औषधांची पिशवी, सगळं चारपदरी घडीच्या शिस्तीत. त्यांच्या मधोमध काकूंच्या निळ्या शालीत गुंडाळलेली एक चौकट. शालीच्या फटीतून काकूंचा एक डोळा आणि अर्धं कुंकू दिसत होतं. मी भिंतीकडे पाहिलं. जिथं काकूंचा फोटो असायचा तिथं रंगाचा फिकट चौकोन होता आणि खिळ्यावर नुसता चंदनाचा हार लोंबत होता.

बॅगेवर बोट फिरवलं. धुळीत रेघ उठली. ही काल भरलेली बॅग नव्हती. या आठवड्यातलीही नव्हती.

खिडकीत एकच कप उपडा घातलेला होता. रेडिओवर बातम्या चालू होत्या. ऐकायला घरात कोणी नव्हतं.

मी फडताळातून कुटाचा डबा घेतला आणि बाहेर आलो.

“मिळालं का?” बेबीताई ओरडल्या.

“मिळालं. बेबीताई, मेथी कमी पडतेय ना?”

“मघापासून तेच सांगून राहिले मी.”

“मग विळा घेऊन या इकडे.”

मी वाफ्यापाशी बसलो आणि बाभळीच्या काट्या उपसायला लागलो. घट्ट केल्या होत्या. हाताला दोन-तीन ठिकाणी रक्त निघालं. बेबीताई विळा घेऊन आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

“सर, हे तर शर्तीचं.”

“पाला आहे ना?”

“आहे.”

“आज भरीत आहे ना?”

“आहे.”

“मग आपल्या कॉलनीचा रिवाज मोठा की पुण्याची शर्त?”

हा प्रश्न बेबीताईंना पडूच शकत नव्हता. त्यांनी पदर खोचला आणि लेट्यूसवर विळा घातला. त्यांच्या मागून आणखी दोघीतिघी आल्या.

मी मान वर केली. प्लॉटवर मुसळ थांबलं होतं. तात्या माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

“अहो! काय चाललंय काय हे! ती शर्तीची पानं आहेत! खबरदार हात लावाल तर!”

बसल्या जागेवरून उठले मात्र नाहीत.

“बेबीताई, थांबा म्हणतो ना! सगळा वाफा तोडाल काय? अहो, पेरूमागच्या त्या दोन गड्ड्यांना तरी हात लावू नका!”

पेरूमागे दोन गड्डे आहेत हे बेबीताईंना माहीतच नव्हतं. त्यांनी जाऊन तेही कापले.

वाफ्यात बोटभर खुंट तेवढे उरले. शिरीष धावत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला.

“सर, हे काय केलंत तुम्ही? तुम्ही तर त्यांच्या बाजूचे होतात!”

“मी पंच आहे. पंचाला बाजू नसते.”

“पण हे... हे धरायचं का?”

“शर्त काय होती? संक्रांतीपर्यंत वाफा उभा राहायचा. उभा आहे?”

“नाही. पण थंडीनं कुठं...”

“कशानं आडवा झाला तर चालेल, असं काही ठरलं नव्हतं,” मागून तात्या म्हणाले. मुसळ हातात घेऊन ते केव्हा आले ते कळलं नव्हतं. “मी दिलेला शब्द आहे, सर. पळवाट नको. तुम्ही सांगाल ते.”

“हरलात, तात्या.”

“हरलो?”

“हरलात.”

“असं नाही. मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

मी शक्य तितक्या मोठ्यानं सांगितलं. तात्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी मुसळ भिंतीला टेकवलं, शर्ट नीट केला आणि प्लॉटकडे तोंड करून उभे राहिले.

“कॉलनीतल्या सर्व रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावं! कोठावदे शर्त हरलेले आहेत. पंचांच्या निर्णयानुसार ते पुण्याला जात आहेत. यापूर्वीची घोषणा रद्द समजावी!”

शिरीषच्या हातातला मोबाइल खाली पडला, तो त्यानं उचलला नाही.

“आता भरीत वाढा,” तात्या म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी बडगीत असं मुसळ चालवलं, की बेबीताईंना सांगावं लागलं, “पुरे तात्या, बूड फुटेल.”

घोळाणा चांगला झाला होता. लेट्यूसला चव अशी नव्हतीच, पण कूट आणि तिखटानं ते झाकलं गेलं. केल मात्र खरोखर गोड लागत होतं. तात्यांनी दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. शिरीष म्हणाला, “तात्या, सामान आवरायला दोन-चार दिवस लागतील ना? मी थांबतो.” तेवढ्यात तात्या काळी बॅग घेऊन बाहेर आले.

“एवढ्यात भरली?”

“नियंत्रकाला वेळ लागत नाही.”

बॅग ओल्या फडक्यानं लख्ख पुसलेली होती. गाडीत बसताना ते मला काही म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले, “वर्तमानपत्राचं बिल तुमच्याकडे लागलं आता.” मग काच वर केली.

संक्रांत झाली. थंडी हटेना. एका सकाळी कुमुदनं मला हाका मारून कुंपणापाशी बोलावलं. तात्यांच्या वाफ्यात बोटभर खुंटांना चहूबाजूंनी नवी पानं फुटली होती. आधीपेक्षा दाट.

त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. फोन खिडकीशी होता, खिडकीतून वाफा दिसत होता.

“सर, कोठावदे बोलतोय.” ते सांगायची गरज नव्हती. “ठीक आहे सगळं. लिफ्ट पाऊण मिनिट घेते. अर्धं म्हणून खोटं सांगितलं पोरानं. कट्ट्यावर अकरा जण आहेत. बसायची वेळ कोणीच पाळत नव्हतं, आता पाळतात.”

“वा.”

“ते असो. वाफ्याचं काय झालं?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. “काय व्हायचं? सपाट झाली जमीन.”

“फुटलं वगैरे नाही ना काही?”

“छे. कापलं की संपलं, तात्या.”

“हं.”

तेवढ्यात वाफ्यापाशी विळा घेऊन उभ्या असलेल्या कुमुदनं विचारलं, “अहो, आज किती तोडू?”

मी फोनवर हात ठेवला, पण उशिरा.

“काय तोडतायत वहिनी?” तात्यांनी विचारलं.

“मेथी,” मी म्हणालो.

पुण्याकडून घसा साफ केल्याचा आवाज आला.

“थंडी आहे का हो अजून तिकडे?”

“आहे. चांगलीच आहे.”

“मग गोड असेल,” तात्या म्हणाले. “मेथी.”

आणि त्यांनी फोन ठेवला.